हिरवी तार

माणिकराव इंगळ्यांचा फोन आला की हल्ली भागवतला तो उचलावासाच वाटायचा नाही. तसा तो फोनला भिणारा माणूस नव्हे. बुलढाण्यात पंचवीस वर्षं वायरमनचं काम केलेला गडी, अर्ध्या गावाच्या भिंतींत त्यानं ओढलेल्या तारा. चिखली रोडवर दुकान, आणि दुकानात काचेच्या चौकटीत एक सर्टिफिकेट. स्मार्ट होमचं तीन दिवसांचं ट्रेनिंग केल्याचं. गिऱ्हाईकाची खुर्ची त्यानं मुद्दाम अशी मांडली होती, की बसणाऱ्याची नजर आपोआप त्या चौकटीवर जावी. एवढा त्याचा त्या कागदावर जीव.

"भागवत, ते लाईट पुन्हा लुकलुक करून राह्यलं बापा," माणिकराव म्हणाले.

"येतो न काका. आत्ता येतो."

"तू बिझी असशीन तर उद्या ये. मी नोंद करून ठेवलीच हाये."

हे असं. माणूस चिडला असता, दोन शब्द वाकडे बोलला असता, तर भागवतला बरं वाटलं असतं. पण माणिकराव म्हणजे पंचायत समितीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेला माणूस. चिडण्याऐवजी नोंद करायचा. चौथ्यांदा बोलावत होता तरी आवाजात तीच माया. भागवतनं पिशवी उचलली, रबरी चपला पायात सरकवल्या आणि दोन गल्ल्या ओलांडून निघाला. जून लागला होता, आभाळात ढगाचा ठिपका नव्हता.

झालं होतं ते असं. माणिकरावांची लेक मंजुश्री पुण्याला कॉम्प्युटरच्या कंपनीत. तिनं चौदा एप्रिलसाठी आईबापांना एक पंखा पाठवला, खाली तीन दिवे असलेला, आणि त्याच्याबरोबर स्मार्ट डिमर. भिंतीवरच्या बटणानं नाहीतर मोबाईलवरून दिव्यांचा उजेड पाहिजे तेवढा कमीजास्त करायचा. समोरच्या खोलीत बुद्धाची मूर्ती. संध्याकाळी वंदनेला बसताना उजेड मऊ असावा, ही माणिकरावांची हौस, आणि तो उजेड पुण्यात बसून आपण कमी करावा, ही लेकीची.

तेरा तारखेला दुपारी भागवत तो पंखा बसवायला गेला. खोलीला नवा रंग दिलेला, दुसऱ्या दिवशी पाहुणे. शिडीवर चढून त्यानं जुना पंखा उतरवला आणि तिथंच त्याचं घोडं अडलं. या पंख्याला तीन तारा लागत होत्या. एक पंख्याची, एक दिव्यांची आणि करंट परत नेणारी तिसरी, न्यूट्रल. पाइपात होत्या जुन्या दोन, आणि त्यांच्या सोबतीला हिरवी, अर्थिंगची. नवी तार ओढावी म्हणून त्यानं स्प्रिंग घालून पाहिली, तर ती स्लॅबच्या वळणावर अडकली ती अडकली. आता एकतर भिंत फोडायची, नाहीतर रंगावरून तारेची उघडी पट्टी मारायची.

"काका, पट्टी माराव लागन," असं तो म्हणायला तोंड उघडणार, तोच माणिकराव खालून म्हणाले, "रंग आजच वाळला रे. तू हायेस म्हून काळजी नाही. ट्रेनिंग घेतलेला मानूस."

झालं. त्या एका वाक्यानं त्याचं तोंड बंद केलं. आज होत नाही, एवढं म्हणायला काय लागत होतं? पण सर्टिफिकेटवाल्यानं असं कसं म्हणायचं? त्यानं न्यूट्रलची तार दिव्यांना देऊन टाकली आणि परतीचं काम लावलं हिरव्या तारेला.

आता ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. हिरवी तार ही घराची राखीव वाट असते. एखाद्या दिवशी करंट भरकटला, फ्रीजच्या नाहीतर कूलरच्या पत्र्यात उतरला, तर तो माणसाच्या अंगातून न जाता गपगुमान जमिनीत जावा, म्हणून ती घरभर फिरवून अंगणातल्या खड्ड्यात पुरलेली असते. तिच्यावरून रोजची ये-जा करायची नसते. हे भागवतला माहीत होतं. नुसतं माहीत नव्हतं, दुसऱ्या कुणी असं केलेलं दिसलं की तो चारचौघांत त्याचा उद्धार करायचा. पण बटण दाबलं आणि तिन्ही दिवे लागले. मंजुश्रीनं पुण्याहून व्हिडिओ कॉल लावून उजेड कमी केला, जास्त केला, माणिकरावांनी टाळी वाजवली आणि बनाबाईंनी, म्हणजे माणिकरावांच्या बायकोनं, त्याला कपभर दुधाचा चहा दिला. आपण केलेलं पाप चालतं आहे असं दिसलं की माणूस त्याला पाप म्हणत नाही. जुगाड म्हणतो.

पंधरा दिवसांनी दिवे लुकलुकू लागले. पहिल्यांदा भागवतनं डिमर रिसेट केला, मोबाईलमधलं अॅप काढून परत टाकलं, वायफायचा पासवर्ड तीनदा घातला. दुसऱ्यांदा मलकापूरहून कमीजास्त होणारे खास बल्ब आणून लावले. तिसऱ्यांदा बोर्ड उघडून सगळे स्क्रू आवळले, व्होल्टेजला नावं ठेवली, माल चायनाचा आहे म्हणून मान हलवली. दर वेळी दिवे दोनचार दिवस गुण्यागोविंदानं जळायचे आणि परत सुरू.

आणि त्या तिसऱ्या वेळी बनाबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाल्या होत्या, "भागवत, हा फ्रीज मले चावते बापा. हात लावला का झिणझिण करते."

खोटं कशाला सांगायचं? त्या क्षणी भागवतला हिरवी तार आठवली. लख्ख आठवली. त्याच तारेला फ्रीजचा पत्रा जोडलेला, त्याच तारेवरून पंख्याचा करंट जाणारा. आठवली आणि त्यानं ती तशीच मागं ढकलली. समोर माणिकराव उभे, शेजारच्या वच्छलाबाई उभ्या. तो पिशवी खाली ठेवून फ्रीजजवळ गेला, पंजा पत्र्यावर ठेवला.

"पाहा मावशी. मले तर काईच नाही."

काही होणारच नव्हतं. पायात रबरी चपला होत्या. कामावर असताना वायरमन चपला काढत नाही आणि कुणी काढ म्हणतही नाही.

"वय झालं मावशी," तो वर हसून म्हणाला होता. "करंट नाही, मुंग्या हायेत त्या. बीपीची गोळी चालू असन न?"

माणिकराव हसले, वच्छलाबाई हसल्या. बनाबाई पण थोडं हसल्या आणि हात पदराला पुसत आत गेल्या.

आज चौथी खेप. भागवत पोचला तेव्हा दिवे चांगलेच फडफडत होते आणि पंखा आजारी माणसासारखा फिरत होता. माणिकरावांनी वही उघडून पुढं धरली. तारीख, वार, वेळ, लुकलुकण्याचा प्रकार. सौम्य, मध्यम, तीव्र.

"हे पाह्य. तीन तारखेपासून तीव्र. मी मंजूले म्हनलं, वस्तूच बदलून घे. पन ती त आता..." आणि ते थांबले.

"काय झालं मंजूले?"

"तिले काई नाही. आठवा सरला तिचा. बाळंतपनाले इकडंच येनार होती, तिकीट काढेल होतं. आता रद्द केलं."

"काऊन?"

माणिकरावांनी स्वयंपाकघराकडं मान केली आणि आवाज खाली आणला. "हिचे हात. डॉक्टर म्हनते नस कमजोर झाली. महिन्यापासून गोळ्या चालू हायेत, फरक नाही. हीच म्हनली, या हातानं मी लेकरू नाही न्हाऊ घालत. पान्यात झिणझिण आली आन् हातातून निसटलं तर? त मंजू तिकडंच राहीन, सासूपाशी."

भागवतनं शिडी मांडली. वर चढला.

बनाबाईंचे हात. त्या गल्लीत अशी पोरं कमी, जी बनाबाईंच्या पायांवर पालथी पडून न्हाली नसतील. भागवतची काजल झाली तेव्हा त्याची बायको आशा पंधरा दिवस तापानं फणफणलेली, तिची आई हयात नाही. कोवळं पोर धरायला घरात कुणी तयार होईना. बनाबाई न बोलावता आल्या होत्या. भागवतच्या आईनं जातीवरून कुरकुर केली होती, दाराशी उभं राहून, ऐकू जाईल अशी. बनाबाईंनी ऐकलं नसल्यासारखं करून फुलपात्रानं पाणी कोमट आहे का पाहिलं आणि चटईवर पाय पसरले. महिनाभर येत होत्या. काजल आता अकोल्याला नर्सिंग शिकते आहे.

शिडीवरून त्याला स्वयंपाकघर अर्धं दिसत होतं. फ्रीजच्या मुठीला जुन्या लुगड्याचा चिंधा गुंडाळून गाठ मारलेली. खाली फरशीवर स्लीपरचा जोड. जन्मात कधी स्वयंपाकघरात पायताण न घातलेली बाई आता चूल आणि फ्रीज यांच्यामध्ये स्लीपर घालून वावरत होती. आपण चपला घालून हात लावला आणि तिनं, न शिकलेल्या बाईनं, स्वतःच्या अंगावरून तेच औषध शोधून काढलं.

तेवढ्यात बाहेर कुणी तरी हाक मारली, "नळ आले हो." आठ दिवसांनी येणारे नळ. बनाबाई लगबगीनं मागच्या दारानं अंगणात गेल्या, पाइपाचा आवाज आला. भागवत स्क्रूड्रायव्हर हातात घेऊन पंख्याच्या वाटीपाशी नुसता उभा. अजून एक स्क्रूही सैल केलेला नव्हता.

दहा मिनिटं गेली असतील. दिव्यांची फडफड कमी झाली. मग थांबली. पंख्यानं वेग घेतला. तिन्ही दिवे शहाण्यासारखे जळू लागले.

"वा," माणिकराव खालून म्हणाले. "बसलं ठिकानावर. काय केलं रे?"

भागवतनं खिडकीतून अंगणात पाहिलं. बनाबाई पपईच्या झाडाला पाइप लावून उभ्या होत्या. पपईच्या बुडाशी अर्थिंगचा खड्डा, झाकण कधीचं फुटलेलं. सुकी माती घटाघटा पाणी पीत होती.

"काका, ते वही द्या जरा," तो म्हणाला.

शिडीवर बसूनच त्यानं वही वाचली. मग उतरून स्वयंपाकघराच्या दाराशेजारचं कॅलेंडर पाहिलं. नळ येईल त्या तारखेला बनाबाई पेन्सिलीनं गोल करायच्या. त्या प्रत्येक गोलानंतर वहीत तीनचार दिवस कोरे. मग सौम्य, मग मध्यम, मग तीव्र. मग गोल. नवराबायकोनं एकाच घरात, एकमेकांना न सांगता, भागवतच्या पापाचा पंचनामा लिहून ठेवला होता. माती ओली असली की करंट जमिनीत उतरायचा. माती सुकली की त्याला वाट मिळायची नाही, आणि तो तिथंच घुटमळून फ्रीजच्या पत्र्यात चढायचा.

आता त्याला काही शोधायचं उरलं नव्हतं. त्यानं मेन बंद केला, दुकानातून तार आणि पट्टी आणली आणि बोर्डापासून पंख्यापर्यंत नव्या रंगावरून सरळ पट्टी मारली. एप्रिलात जे करायचं ते जूनमध्ये. परतीचं काम नव्या तारेला दिलं, हिरवी तार सोडवून परत अर्थिंगच्या जागी लावली आणि मेन चालू केला. तास लागला. एवढ्या तासाभरात माणिकरावांनी रंगाबद्दल चकार शब्द काढला नाही.

"काय निघालं मंग?" त्यांनी पेन उघडून विचारलं. नोंद करायची होती.

"लूज होतं," भागवत म्हणाला. "आतून. जॉइंट लूज होता."

माणिकरावांनी लिहिलं. जॉइंट लूज. भागवतनं ते अक्षर उलट्या बाजूनं वाचलं. वळणदार, सरकारी अक्षर.

जगात असे लोक असतात की जे एवढ्यावर पिशवी उचलून निघून जातात, आणि भागवतही त्यांतलाच होता, उगाच मोठेपणा कशाला द्या. त्यानं पिशवीची चेन ओढली होती. पण आतून बनाबाईंचा आवाज आला. फोनवर बोलत होत्या.

"तिकडंच राह्य बाई. तुयी सासू घालीन न न्हाऊ. डोक्याले तेल जरा जास्त लावजो म्हना, आन् पोट शेकजो. मी?... मले का वाईट वाटन. हातच गेले त काय करतं."

मग पाण्याच्या पेल्याचा आवाज आणि गोळीचा कागद फाडल्याचा आवाज.

भागवतला वाटलं, आत्ता भुईनं पोटात घेतलं तर बरं. काजलला न्हाऊ घातलेले ते हात, आणि ते गेले असं बनाबाईंना सांगणारा कोण? डॉक्टर नव्हे. डॉक्टरकडं तिला पाठवणारा हाच. लाज वाटते म्हणतात ती नुसती तोंडाला वाटत नाही, ती हातापायांत उतरते. पिशवी हातातून गळून पडली.

"मावशी," तो दारात जाऊन म्हणाला, "ते गोळी नका घेऊ."

बनाबाईंनी पेला खाली ठेवला. माणिकराव मागं येऊन उभे राहिले.

"तुमच्या हाताले काई झालं नाही. फ्रीजच चावत होता. मीच केलं ते. पंख्याचा करंट मी अर्थिंगच्या तारेले जोडला होता, तेरा तारखेले. दुसरी तार ओढता येत नव्हती आन् मले ते सांगाची लाज वाटली. लूज गिज काई नव्हतं काका. ते खोडा."

बाहेर पाइपातून अजून पाणी पडत होतं.

"आन् मावशी, तुमी मले सांगतलं न त्या दिवशी, तवाच मले समजलं होतं. समजूनशान मी हासलो."

हे शेवटचं वाक्य त्याला सांगायची गरज नव्हती. पण ते सांगितल्याशिवाय बाकीचं खरं होत नव्हतं.

माणिकराव दारातल्या खुर्चीवर बसले. त्या दिवशी आपणही हसलो होतो हे त्यांना आठवलं असणार, कारण ते बायकोकडं बघत नव्हते. वहीचं पान तेवढं अंगठ्यानं घासत होते.

"म्हंजे मायं खरं होतं," बनाबाई म्हणाल्या.

"हाव."

"त्या दिवशी तुया पायात चपला होत्या."

भागवतनं मान वर केली.

"मी पाह्यलं होतं न," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, असता तर त्याला धरायला काहीतरी मिळालं असतं. "मले वाटलंच, हा चपला घालून हात लावून राह्यला. पन मंग म्हनलं, तो शिकेल मानूस हाये, त्याले समजत नसन का? आपलेच हात गेले असतीन. म्हून गप राह्यली."

एवढं बोलून त्यांनी माठातून लोटाभर पाणी घेतलं आणि फ्रीजपुढच्या फरशीवर ओतलं. स्वतःचे स्लीपर काढून बाजूला सरकवले.

"काढ ते," त्या भागवतच्या पायांकडं बघून म्हणाल्या. "पयले तू लाव."

भागवतनं समोरच्या दारापाशी जाऊन चपला काढल्या आणि परत आला. मेन चालू होता, पंखा फिरत होता, दिवे लागलेले होते. अनवाणी पाय ओल्या फरशीवर ठेवले. पाणी गार होतं. पंचवीस वर्षांत त्यानं असं कधी केलं नव्हतं आणि आपलं काम बरोबर आहे हे माहीत असूनही आधी बोटाच्या पाठीनं पत्र्याला निसटतं लावून पाहिलं. मग पंजा पत्र्यावर ठेवला आणि तसाच ठेवून उभा राहिला.

"काई नाही," तो म्हणाला.

बनाबाईंनी त्याच्या तोंडाकडं नीट पाहून घेतलं. मग मुठीवरचा चिंधा सोडला, चारवेळा घडी घालून ओट्यावर ठेवला, आणि आपला उजवा हात त्याच्या हाताशेजारी पत्र्यावर टेकवला. मग डावा. बराच वेळ त्या तशाच उभ्या होत्या, तापल्या पोराच्या कपाळाला हात लावून राहावं तशा. हात काढून त्यांनी बोटं उघडमीट करून पाहिली.

"फोन लावा मंजूले," त्या माणिकरावांना म्हणाल्या.

माणिकरावांनी लावून दिला.

"मंजू, तिकीट काढ परत. हाव, तूच ये, दुसरं काई नको बोलू. माये हात चांगले हायेत... अवं नाही, गोळीनं नाही. फ्रीजमधी करंट येत होता. वायरिंग उलटं केलं होतं." मग पलीकडून काहीतरी विचारलं गेलं, आणि बनाबाईंनी भागवतकडं पाहिलं. "आपला भागवत. हाव, तोच. काजलचा बाप."

पलीकडून मंजुश्री काय म्हणाली ते त्याला ऐकू आलं नाही. बनाबाई नुसत्या हं, हं करत ऐकत होत्या. भागवत ओल्या फरशीवर तसाच उभा होता. चपला समोरच्या दारापाशी होत्या, आणि तिथवर जायला त्याला बनाबाईंच्या समोरून जावं लागणार होतं.